पालथं चाडं

आश्विन सरत आला की आमच्या काळ्या वावरांना एक वास येतो. तेव्हा पाऊस जाऊन बरेच दिवस झालेले असतात. वरचा थर वाळून पांढुरका पडतो, त्याला भेगा सुटू लागतात, आणि खाली हातभर खोल ओल दडून बसलेली असते. त्या दडलेल्या ओलीचा तो वास. खूप दिवस कुलूप असलेल्या घराचं दार उघडल्यावर येतो तसा. तो आला की माझी उजवी मूठ आपोआप मिटते. मी खाटेवर बसून कोणाशी तरी बोलत असतो, बशी डाव्या हातात असते, आणि उजवी मूठ मांडीवर मिटून बसलेली. आत दाणा नसतो. तरी अंगठा बोटांवरून सरकत राहतो, थोडा पुढे, थोडा मागे.

घरातल्या लेकरांना ती म्हाताऱ्याची सवय वाटते. माझ्या बायकोला, वच्छलाला, ती काय आहे हे ठाऊक आहे. ती हाताकडे पाहते आणि आत जाते.

मी दुसरी शिकलेला माणूस. धाकटा भाऊ किसना म्हणाला, "दादा, तू सांगत जाय, पोरं लिहून घेतीन." मी म्हटलं, जे माझ्या हातून गेलं ते मीच माझ्या हातानं लिहीन. ओळी वाकड्या आल्या तर येऊ दे. वाकड्या ओळींची लाज मी ज्या वर्षी सोडली, त्या वर्षाचीच ही गोष्ट.

मूठ म्हणजे काय ते आता सांगावं लागतं, कारण आता यंत्र पेरतं. आमच्या वेळी तिफण होती. तिला तीन दाते, दात्यांवर तीन पोकळ बांबूच्या नळ्या, आणि वर त्या नळ्या जिथं एकत्र येतात तिथं लाकडाची वाटी. तिला चाडं म्हणतात. बैल पुढे चालतात, पेरणारा मागून चाड्यात मुठीनं दाणे सोडत जातो. मूठ सैल पडली की दाणे ढिगानं पडतात, आवळली की जमीन कोरी जाते. पेरताना कोणाला काही कळत नाही. कळतं उगवल्यावर. मग मात्र साऱ्या गावाला कळतं, आणि पीक निघेपर्यंत कळत राहतं.

माझी मूठ नावाजलेली होती. ज्यांच्या दारात मला पाणी वरून ओतून देत, तेसुद्धा पेरणीच्या दिवसात बैलगाडी पाठवून मला न्यायचे. मुठीला कोणी विटाळ मानत नसे. माझ्या पाठीमागे उगवलेला हरभरा दोरी धरल्यासारखा उगवायचा. मी तो पाहायलाही जात नसे. कशाला जायचं, मला माहीतच होतं.

आमच्या घरची एक रीत होती. चाड्यावर मूठ धरणारा कर्ता माणूस मेला की त्याचं चाडं तिफणीवरून सोडायचं आणि घराच्या कोपऱ्यात पालथं घालायचं. पुढच्या पेरणीला ज्याच्या हाती वावर जाणार, त्यानं ते उलथून सरळ करायचं. माझ्या बापाचं चाडं मी असंच सरळ केलं होतं. नागपूरच्या दीक्षेनंतर मायनं घरचे सगळे देव टोपलीत भरून पूर्णा नदीत सोडले. टोपलीसुद्धा आणली नाही परत. पण चाड्याची रीत राहून गेली. त्यात देव कुठं होता म्हणून कोणाला ती सोडायचं सुचलं नाही.

दीक्षेला दोन उन्हाळे उलटले असतील. मला अंतर्गळ झाला होता, आंत खाली उतरायचं. वखर उचलला की कळ यायची. वैशाखात वावरं रिकामी असतात, म्हणून तेव्हा किसना आणि वच्छला मला अमरावतीच्या दवाखान्यात घेऊन गेले. नाकावर जाळी ठेवली, गोडसर वास आला. त्यापुढचं माझ्याजवळ नाही. जे आहे ते दुसऱ्यांच्या तोंडचं.

भुलीत माझं हृदय थांबलं. डॉक्टरनं डाव्या बरगड्यांत चिरा घातला, हात आत घालून हृदय मुठीत धरलं आणि दाबत राहिला. व्रण अजून आहे. पावसाळी हवेत खाजतो. कोणीतरी बाहेर येऊन "हृदय थांबलं" एवढंच बोललं. किसनानं तेवढं ऐकलं आणि मोटारीनं गावाकडं धावला. वच्छला हलली नाही. दाराशी बसली आणि म्हणाली, "मले त्याईचं तोंड पाहू द्या, मंग येतो मी."

गावात किसना पोचला तेव्हा मायनं चूल विझवली. तिफण आढ्याला टांगलेली होती. तिफणीचं चाडं मायनं स्वतःच्या हातानं सोडलं आणि कोपऱ्यात पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, श्वास चालू आहे. म्हणतात, लोक रडले, हसले, चूल पुन्हा पेटली, शेजारच्या गफूरचाचांनी घरचा गूळ आणून वाटला. चाड्याला मात्र कोणी हात लावला नाही. मेलेल्याचं चाडं कोणी सरळ करायचं ते ठरलेलं होतं. परत आलेल्याचं कोणी करायचं, हे कुठल्याच पिढीनं सांगून ठेवलं नव्हतं.

मी घरी आलो तेव्हा ते तसंच होतं. पावसाळाभर तसंच राहिलं.

त्या पावसाळ्याचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. छपरातून पडणारा उजेड आठवतो. मधला दिवस आठवत नाही, संध्याकाळ आठवते. मला सगळी माणसं ओळखू यायची, पण नाव जिभेवर येईपर्यंत माणूस निघून जायचा. बैल विकला होता, माझ्यादेखत विकला होता, मी रोज सकाळी विचारायचो, "धवळ्या कुठं हाय?" पहिल्यांदा त्यांनी सांगितलं. मग एकमेकांकडे पाहायला लागले. मग म्हणू लागले, "चरायले गेला."

आणि हात. हात नुसता पडलेला असला की शांत. पण काही घ्यायचं मनात आणलं की त्याच्यातून झटका जायचा. पाण्याचा गडवा धरायला गेलो की पाणी भिंतीवर. घास तोंडाशी नेला की कानावर. भांडं पडलं, कुत्रं भुंकलं, की सारं अंग उसळायचं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, मासा पाण्याबाहेर काढल्यासारखा, मी माझ्याच खाटेवर उडायचो. वच्छला घास भरवायची आणि मी तोंड फिरवायचो. एकदा ताट उडवलं. तिनं भाकर उचलली, फुंकर मारली, पुन्हा समोर धरली. "मले काय, मी बसतो अशीच. भूक तुमाले लागीन."

लोक यायचे ते माझ्यासाठी नाही. त्यांना विचारायचं असायचं.

"क्या बे तुलशीराम," गफूरचाचा खाटेच्या कडेवर बसून म्हणाले, "तू तो उप्पर जा के आया. क्या दिखा रे?"

"काई नाई, चाचा."

"कुछ तो दिखा होगा. उजाला, आदमी, कुछ बी."

"काईच नाई. अंधारबी नाई."

चाचांचं हसू हळूहळू विझलं. त्यांनी माझा पाय दाबला आणि उठले. असंच सगळ्यांचं व्हायचं. एकानं दारातून जाताना म्हटलं, मला ऐकू जाईल असं, "तुयशीराम आला वापस, पण सामान तिकडंच ठेवून आला." बायका हसल्या. मी उठून मारायला गेलो आणि उंबऱ्यावर पडलो.

मग घरातलं लोखंड नाहीसं व्हायला लागलं. खुंटीवरचा विळा दिसेना. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड. मग भाजी चिरायची पावशी, मग सुरी, मग कोपऱ्यातली पहारसुद्धा. भिंतीवर खुंट्या तेवढ्या उरल्या, आणि प्रत्येक खुंटीखाली हत्याराच्या आकाराची न धुरकटलेली जागा. मी काही विचारलं नाही. वच्छला कोणासाठी घाबरत होती, माझ्यासाठी की माझ्यापासून, ते मला ऐकायचं नव्हतं. रिकाम्या भिंतीखाली कोपऱ्यात चाडं पालथं. मी खाटेवरून ते पाहायचो आणि ते मला पाहायचं.

पोळ्यानंतर किसनानं मला अकोल्याला एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितलं. बोट डोळ्यात गेलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा गेलं. तो बरा माणूस होता. घाई करत नव्हता. म्हणाला, "हृदय थांबलं तेवढा वेळ मेंदूला रक्त मिळालं नाही. काही भाग सुकला असेल, काही नुसता कोमेजला असेल. कोमेजलेला उभा राहतो."

"आन् सुकलेला?" मी विचारलं.

त्यानं कागद ओढून औषध लिहायला घेतलं. किसना म्हणाला, "किती दिस लागतीन साहेब?"

"दिवसांत मोजू नका. वर्षं लागतील. जे काम हाताला आधी यायचं ते करू द्या त्यांना. थोडं थोडं."

परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी उभी होती, बोंडांच्या हिरव्या कैऱ्या धरलेली. मी गाडीत आडवा होतो आणि मनात एकच होतं. उघडीप पडली की कोमेजलेलं आणि सुकलेलं रोप दुपारी सारखंच दिसतं. फरक पाणी मिळाल्यावर कळतो. आणि ज्याला पाणी पाजायचं ते वावर माझ्या कवटीच्या आत होतं, तिथं मोट कोण नेणार?

आमचा हा खाऱ्या पाण्याचा पट्टा. विहिरीचं पाणी पिकाला घातलं तर जमीन मरते. म्हणून नदीकडचं वावर आम्ही पावसाळाभर मोकळं ठेवायचो, ओल धरायचो आणि रब्बीत त्या ओलीवर हरभरा घ्यायचो. एकदाच पेरायचं. ओल गेली की दुसरी संधी नाही. घरातली डाळ, बियाणं, जनावराचा भुसा, सगळं त्यावर. त्या वर्षी जमीन पेरणीच्या वाफशाला आली, तो वास सुटला, आणि घरात सगळे माझ्या हाताकडे पाहू लागले.

किसना सकाळी म्हणाला, "दादा, मी सुताराकडून नवं चाडं आणतो. ते राहू दे तसंच."

"म्हंजे मीबी राहू का तसाच, पालथा?"

निघायला घातलेली वहाण त्यानं काढली. तो वाईट नव्हता. वावर त्याला हवं होतं असंही नाही. पण कोणीतरी पेरायचं होतं, आणि ज्यानं पेरलं त्याचं वावर, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. एकदा दुसऱ्याच्या मुठीनं ती जमीन उगवली असती तर मी उरलेलं आयुष्य खाटेवरचा माणूस झालो असतो. घास भरवायचा माणूस.

मी उठलो. भिंत धरून कोपऱ्यापर्यंत गेलो. माय चुलीपुढून ओरडली, "नोको रे बाप्पा! तुया हातानं तुयंच चाडं उचलू नोको. असं कोणी करत नसते!"

"मंग कोणाच्या हातानं उचलू?"

हाताला झटका बसला, चाडं घरंगळलं, भिंतीला आपटलं. पुन्हा धरलं. दोन्ही हातांनी छातीशी आवळून सरळ केलं. खाली गेल्या वर्षीचे चार हरभरे होते, भुंग्यानं आतून खाल्लेले, वरून अखंड. माय तोंडात पदर घालून बसली. ती रडते आहे असं मला वाटलं. आता वाटतं, ती माझे उरलेले दिवस मोजत असावी.

किसनानं उसने आणलेले बैल धरले. मी तिफणीमागे. कमरेला बियाण्याची ओटी. पहिल्या तासाला, पेरणीच्या पहिल्याच ओळीला, मुठीला माझी आठवण झाली. दाणे सुटू लागले, नळीतून खाली जाताना त्यांचा तो ओळखीचा सरसर आवाज. मी रडलो, पण मागे कोणी नव्हतं. मग मला वाटलं, जमतंय. आणि ते वाटलं तेव्हाच हात उसळला. मी आवळला. पुन्हा विसरलो, पुन्हा जमलं. संध्याकाळी वावर पुरं झालं. मी स्वतःच्या पायांनी घरी आलो. वच्छलानं गरम पाणी दिलं. खाटेवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "झालं पेरून."

हरभरा उगवला त्या सकाळी किसना आणि वच्छला माझ्या आधी वावरात पोचले होते. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, दोघं उभी. कोणी मागे वळून पाहिलं नाही.

किसना म्हणाला, "दादा, मोडून टाकू. ओल हाय अजून दोन-चार रोज. नव्यानं पेरतो मी."

"काहून मोडू?" मी म्हटलं. "भरलेलं तं हाय."

तो माझ्याकडे पाहत राहिला. वच्छला जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "तुमाले खरंच भरलेलं दिसून राह्यलं का?"

तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जी भीती पाहिली, ती दवाखान्यातून आल्यावरही पाहिली नव्हती. कारण मला खरंच भरलेलं दिसत होतं. हिरव्या ओळी, दोरी धरल्यासारख्या, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. की मला तसंच पाहायचं होतं? डोळे खोटं बोलत होते की मी, हे मला आजही सांगता येत नाही.

मी खाली बसलो. डोळे मिटले आणि पहिल्या ओळीवर तळहात फिरवत पुढे सरकलो. रोप. रोप. रोप. मग नुसती माती. माती. माती. मग एकाच जागी मूठभर रोपं, एकमेकांच्या अंगावर चढलेली, पांढुरकी, गुदमरलेली. मग पुन्हा माती.

हळूहळू मला ते वाचता यायला लागलं. इथं धुऱ्यावरून गफूरचाचांनी हाक मारली होती, इथं ढीग. इथं तासातून तितर उडाला होता, इथं ढीग. इथं मला वाटलं होतं की जमतंय. इथून पुढे लांबपर्यंत काही नाही. आणि मधूनच, जिथं मी सगळं विसरलो होतो, तिथं सरळ, सारखी, माझी जुनी ओळ. डॉक्टरनं माझी छाती उघडून पाहिली होती. डोकं कोणी उघडलं नव्हतं. ते आता इथं पडलं होतं, गाडरस्त्याच्या कडेला, उघडं, हिरवं, येणाऱ्याजाणाऱ्यानं पाहावं असं.

"मोडतो दादा," किसना म्हणाला.

"मोडायचं नाई. उभं राहू दे. मले पाह्यचं हाय."

लोकांनी पाहिलं. बाजाराच्या दिवशी गाड्या तिथं मुद्दाम हळू व्हायच्या. मी धुऱ्यावर बसून राहायचो, त्यांच्याकडे तोंड करून. ओल होती तोवर वच्छला आणि मी गुडघ्यांवर बसून रिकाम्या जागी बोटानं भोक पाडून एकेक दाणा टोबला. मी दाणा बोटांत धरायचो, झटका यायचा, दाणा उडायचा. ती शोधून आणायची, तळहातावर ठेवायची. "घ्या. हाच व्हता." त्याच दाण्याला मातीत घालायचा हट्ट माझा, तोच दाणा असल्याचं सांगायचा खोटेपणा तिचा. थंडी पडली. पहाटे पानांवर हरभऱ्याची आंब धरायची, बोटांच्या भेगांत ती चरचरायची, आणि त्या चरचरण्यानं मला कळायचं की बोटं माझी आहेत. एका दिवशी दुपारी मी वच्छलाला म्हणालो, "धवळ्या विकला नं आपण?" ती खुरप्यावरचा हात थांबवून बसून राहिली. खुरपं. घरात लोखंड परत आलं होतं, मला कळलंही नव्हतं कधी.

त्या वर्षी अर्धा हरभरा घाट्यांवर आला तेव्हा अर्धा फुलांत होता. एका वावरात दोन वयं. निघाला तो थोडाच निघाला. डाळ हात आखडून खाल्ली. पण किसनानं त्यानंतर चाड्याचा विषय काढला नाही.

पुढची सगळी वर्षं मीच पेरलं. दर कार्तिकात हरभरा उगवला की मी माझं डोकं पाहायला जायचो. दुसऱ्या वर्षी ढीग कमी झाले. तिसऱ्या वर्षी कुत्रं भुंकलं तरी मूठ सुटली नाही. साठ साल उलटलं, गावात विजेचे खांब आले, तोपर्यंत लांबून पाहणाऱ्याला काही कळत नसे. मला कळायचं. प्रत्येक वर्षी कुठंतरी एक कोरी जागा राहायचीच. बांगडीएवढी, परातीएवढी.

एक जागा कधीच भरली नाही. नागपूरला मी गेलो होतो. सगळे सांगतात. पांढरे कपडे घालून, मायला घेऊन, कितीतरी लोकांसोबत पायी. आयुष्यात त्याहून मोठा दिवस माझ्या वाट्याला आला नसेल, आणि तो माझ्याजवळ नाही. वच्छलानं तो मला इतक्यांदा सांगितला की आता मला दिसतो: धूळ, गर्दी, मायचा हात. पण तो तिनं टोबलेला आहे. माझ्या मुठीतून पडलेला नाही.

यंदाचा हरभरा यंत्रानं पेरला. चाडं भिंतीवर लटकतं, तोंड वर करून. काल सकाळी किसना आणि मी वावरात गेलो. तोही आता काठी घेतो. ओळी निघाल्या होत्या, यंत्राच्या, एकसारख्या. मी पाहत पाहत गेलो आणि नदीकडच्या अंगाला थांबलो. तिथं मोठी कोरी जागा होती. खाटेएवढी.

"किसना, इथं काहून उगवलं नाई?"

"कुठं दादा?"

"हे काय, समोर."

तो पुढे आला. काठी बगलेत धरली. जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा मी ओळखला. त्या धुऱ्यावरचा, त्या सकाळचा.

"भरलेलं तं हाय," तो म्हणाला.

मी वाकलो नाही. हात फिरवून पाहिला नाही. घरी आलो, खाटेवर बसलो आणि वच्छलाला सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. उठली, गुडघ्यावर हात देत भिंतीपर्यंत गेली, आणि चाड्याच्या आत बोटं घालून ते चाचपलं.

"सरळच हाये," ती म्हणाली. मग कणगीतून ओंजळभर हरभरे काढले आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात ओतले. "चाला. मी येतो तुमच्यासंगं. कुठं दिसते ते दाखवा मले."